कृत्रिम दात

कृत्रिम दात म्हणजे पडलेल्या, काढून टाकलेल्या किंवा जन्मतःच नसलेल्या नैसर्गिक दातांच्या जागी बसवले जाणारे दात होत. ते प्रामुख्याने तीन प्रकारे बसवले जातात: तोंडातून काढता-घालता येणारी कवळी, शेजारच्या दातांच्या आधाराने पक्का केलेला दंतसेतू आणि जबड्याच्या हाडात रोवलेल्या खुंटीवर उभारलेले दंतरोपण. व्यवहारात दंतसेतूला ‘ब्रिज’ आणि दंतरोपणाला ‘इम्प्लांट’ असे म्हटले जाते. दंतवैद्यकाच्या ज्या शाखेत या विषयाचा अभ्यास होतो, तिला कृत्रिम दंतशास्त्र म्हणतात.

या तिन्हींपैकी कोणताही एक पर्याय सर्वांसाठी सर्वोत्तम नसतो. किती दात गेले आहेत यापेक्षा कोणते दात उरले आहेत, ते किती भक्कम आहेत, जबड्याचे हाड किती शिल्लक आहे, रुग्णाचे आरोग्य कसे आहे आणि पुढील निगा कोण राखणार आहे, या बाबींवर निवड अवलंबून असते. अमेरिकी दंतवैद्य एम. एम. डीव्हॅन यांनी १९५२ मध्ये मांडलेले तत्त्व या शाखेत आजही मार्गदर्शक मानले जाते. गेलेल्याची काटेकोर भरपाई करण्यापेक्षा जे उरले आहे त्याचे जतन करणे अधिक महत्त्वाचे, असा त्याचा आशय आहे.

## दात गेल्यानंतर होणारे बदल

प्रौढ माणसाच्या तोंडात चार अक्कलदाढा धरून ३२ दात असतात. दात जाण्याची मुख्य कारणे म्हणजे दातांची कीड आणि हिरड्यांचे विकार. अपघात, मुखाचा कर्करोग आणि दीर्घकालीन तंबाखूसेवन हीही कारणे आढळतात. महाराष्ट्रात दात घासण्यासाठी मिश्री, म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड, वापरण्याची प्रथा ग्रामीण भागात आणि विशेषतः स्त्रियांमध्ये दीर्घकाळ रूढ आहे. मिश्रीमुळे दात मजबूत होतात हा समज चुकीचा असून तंबाखूमुळे हिरड्यांचे आजार बळावतात.

दाताची मुळे जबड्याच्या ज्या हाडात रुतलेली असतात, ते हाड दातामुळेच टिकून असते. चावताना पडणारा भार मुळांवाटे हाडापर्यंत पोहोचतो. दात काढला की हा भार थांबतो आणि हाड झिजू लागते. एक दात काढल्यानंतर त्या जागच्या हाडाची रुंदी पहिल्या वर्षात सुमारे निम्म्याने कमी होते आणि त्यातील बराचसा भाग पहिल्या ३ महिन्यांतच जातो. पुढे झीज मंदावते, परंतु पूर्णपणे थांबत नाही. सर्व दात गेलेल्या व्यक्तींमध्ये खालच्या जबड्याचे हाड वरच्यापेक्षा सुमारे चौपट वेगाने झिजते, असे १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २५ वर्षांच्या निरीक्षणातून दिसून आले. गाल आत जाणे, हनुवटी वर व पुढे सरकल्यासारखी दिसणे, ओठांभोवती सुरकुत्या पडणे ही बोळक्या तोंडाची ओळख मुख्यतः या झिजेतून येते.

रिकाम्या जागेशेजारचे दात हळूहळू त्या बाजूला कलू शकतात आणि समोरच्या जबड्यातील दात त्या पोकळीत उतरू शकतो. हे प्रत्येक रुग्णात घडतेच असे नाही. मात्र ते घडल्यास नंतर दात बसवायला जागा अपुरी पडते. निर्णयाला वेळेचे महत्त्व येते ते हाडाची झीज आणि दातांचे सरकणे या दोन कारणांमुळे.

## इतिहास

इटलीतील एट्रुस्कन लोक इसवी सनापूर्वी सातव्या शतकाच्या सुमारास सोन्याच्या पट्ट्यांनी शेजारच्या दातांना कृत्रिम दात जोडत असत. जपानमध्ये सोळाव्या शतकापासून लाकडात कोरलेल्या संपूर्ण कवळ्या वापरात होत्या. तेथील वाकायामा येथील एका बौद्ध भिक्षुणीची लाकडी कवळी ज्ञात सर्वांत जुन्या पूर्ण कवळ्यांपैकी एक मानली जाते. तिचे निधन १५३८ मध्ये झाले.

युरोपात पिएर फोशार यांच्या १७२८ मधील ग्रंथाने दंतवैद्यकाला शास्त्राचे स्वरूप दिले. त्या काळी कवळ्या हस्तिदंत, पाणघोड्याचे दात आणि माणसांचे दात यांपासून बनत. अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांची कवळी लाकडाची होती, ही आख्यायिका चुकीची आहे. त्यांच्या कवळ्यांत पाणघोड्याचा दंत, मानवी दात आणि धातू यांचा वापर केलेला होता. १७८९ मध्ये त्यांनी पद ग्रहण केले तेव्हा त्यांच्या तोंडात एकच नैसर्गिक दात उरला होता. १८१५ च्या वॉटर्लूच्या लढाईनंतर मृत सैनिकांचे दात काढून विकले गेले आणि पुढे अशा मानवी दातांच्या कवळ्यांना ‘वॉटर्लूचे दात’ असेच नाव पडले.

अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये चिनी मातीचे दात तयार होऊ लागले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात कठीण रबरापासून कवळीचा तळ बनवण्याची पद्धत आली. त्यामुळे तोंडाच्या मापाबरहुकूम आणि तुलनेने स्वस्त कवळी प्रथमच सामान्य लोकांच्या आवाक्यात आली. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात रबराची जागा अॅक्रिलिक या प्लास्टिकने घेतली आणि आजही बहुतेक कवळ्या त्याच्याच बनतात.

दंतरोपणाचा पाया स्वीडिश संशोधक पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांनी घातला. १९५२ मध्ये सशांच्या हाडातील रक्तप्रवाहाचा अभ्यास करताना त्यांनी टायटॅनियम धातूची नळी हाडात बसवली होती. प्रयोगानंतर ती निघेना, कारण हाड धातूशी एकजीव झाले होते. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाच्या जबड्यात टायटॅनियमचे रोपण केले. त्या रुग्णाने ते दात ४० वर्षांहून अधिक काळ वापरले. १९८२ मधील टोरांटो येथील परिषदेनंतर या पद्धतीला जगभर मान्यता मिळाली.

## पर्याय

### जागा रिकामी ठेवणे

गेलेला प्रत्येक दात बसवणे आवश्यक नसते. अक्कलदाढा सहसा बसवल्या जात नाहीत. समोरचे सर्व दात आणि उपदाढा शाबूत असतील, तर मागच्या दाढांविनाही अनेक व्यक्तींचे चर्वण समाधानकारक चालते, ही संकल्पना नेदरलँड्समधील आर्न्ड कायसर यांनी १९८१ मध्ये मांडली. जपानमध्ये १९८९ मध्ये सुरू झालेल्या ‘८०-२०’ मोहिमेचे उद्दिष्टही ८० व्या वर्षी स्वतःचे किमान २० दात टिकवणे हेच आहे. दुखत नसेल, चावता येत असेल आणि दिसण्याचा प्रश्न नसेल, तर केवळ निरीक्षण ठेवणे हा वैद्यकीयदृष्ट्या ग्राह्य निर्णय ठरतो.

### कवळी

सर्व दात गेलेले असल्यास पूर्ण कवळी आणि काही दात उरले असल्यास अर्धवट कवळी बसवली जाते. तिच्यासाठी शस्त्रक्रिया लागत नाही, नैसर्गिक दात कोरावे लागत नाहीत किंवा क्वचितच थोडे कोरावे लागतात, आणि खर्च सर्वांत कमी असतो. पुढे दुसरा पर्याय निवडायचा झाल्यास ती बाजूला ठेवता येते.

वरची आणि खालची कवळी यांत मोठा फरक असतो. वरची कवळी संपूर्ण टाळू झाकते आणि लाळेच्या पातळ थरामुळे चिकटून राहते. खालची कवळी घोड्याच्या नालाच्या आकाराची असते. तिला आधाराचे क्षेत्र कमी मिळते आणि जीभ, गाल व ओठ यांच्या हालचालींनी ती सतत उचलली जाते. त्यामुळे कवळीविषयीच्या बहुतेक तक्रारी खालच्या कवळीबद्दल असतात. पूर्ण कवळीने चावण्याचा जोर नैसर्गिक दातांच्या सुमारे एक चतुर्थांश किंवा त्याहूनही कमी असतो.

अर्धवट कवळी अॅक्रिलिकची किंवा कोबाल्ट-क्रोमियम या मिश्रधातूची असते. धातूची कवळी पातळ व मजबूत असून चावण्याचा काही भार शेजारच्या दातांवर सोपवते. नुसती अॅक्रिलिकची कवळी सर्व भार हिरडीवर टाकते. अलीकडे लवचीक नायलॉनच्या कवळ्याही बनतात. त्यांच्या आकड्या हिरडीच्या रंगाच्या असल्याने त्या दिसायला चांगल्या असतात, पण त्यांची दुरुस्ती अवघड असते आणि काही रुग्णांत त्या हिरडीत रुततात.

दात काढल्या दिवशीच बसवली जाणारी तात्काळ कवळी रुग्णाला एकही दिवस बोळक्या तोंडाने राहू देत नाही. तथापि नंतरच्या महिन्यांत हाड झिजत असल्याने ती सैल होते. तिला आतून नवे अस्तर द्यावे लागते किंवा काही काळाने नवी कवळी करावी लागते.

### दंतसेतू

रिकाम्या जागेच्या दोन्ही बाजूंचे दात कोरून त्यांवर टोप्या बसवल्या जातात आणि त्या टोप्यांना मधला कृत्रिम दात जोडलेला असतो. शस्त्रक्रियेविना दोन-तीन आठवड्यांत पक्के दात मिळणे हा याचा मोठा लाभ आहे. दहा वर्षांनंतरही बहुसंख्य दंतसेतू उत्तम काम करत असतात.

त्याची किंमत शेजारचे दात मोजतात. निरोगी दाताचे कठीण कवच एकदा कोरले की ते पुन्हा येत नाही. आधाराच्या दाताला टोपीखाली कीड लागली किंवा त्याची नस मृत झाली, तर संपूर्ण सेतू धोक्यात येतो. शेजारच्या दातांवर आधीच मोठी भराई किंवा टोपी असेल, तर हा तोटा फारसा उरत नाही आणि दंतसेतू योग्य ठरतो. समोरचा एकच दात गेलेला असल्यास शेजारच्या दाताच्या मागील बाजूस चिकटवला जाणारा सेतूही बसवता येतो. त्यात कोरणे नगण्य असते.

### दंतरोपण

यात टायटॅनियमची किंवा झिर्कोनियाची खुंटी शस्त्रक्रियेने हाडात बसवतात. ती हाडाशी एकजीव होण्यास साधारण ३ ते ६ महिने लागतात. त्यानंतर तिच्यावर दात उभारला जातो. योग्य रुग्णात दहा वर्षांनंतर ९० टक्क्यांहून अधिक रोपणे टिकलेली आढळतात. शेजारचे दात अस्पर्श राहतात आणि चावण्याचा भार थेट हाडाला मिळतो.

रोपणासाठी हाडाची पुरेशी उंची व जाडी लागते. वरच्या जबड्यात मागील बाजूस गालफडातील पोकळी असते आणि खालच्या जबड्यात ओठ व हनुवटीला संवेदना देणारी नस जाते. या दोन्ही सांभाळण्यासाठी शस्त्रक्रियेपूर्वी त्रिमितीय क्ष-किरण तपासणी करतात. हाड कमी असल्यास कलम करून ते वाढवता येते, मात्र त्याने खर्च आणि कालावधी दोन्ही वाढतात. वाढत्या वयात जबड्याबरोबर नैसर्गिक दात सरकतात पण रोपण सरकत नाही, म्हणून जबड्याची वाढ पूर्ण होण्याआधी ते टाळले जाते. वयाची वरची मर्यादा नसते.

अनियंत्रित मधुमेह, अतिधूम्रपान, डोके व मान यांवर झालेला किरणोपचार आणि हाडांच्या ठिसूळपणासाठी किंवा कर्करोगासाठी घेतली जाणारी काही औषधे यांमुळे धोका वाढतो. रोपणाला कीड लागत नाही हे खरे असले, तरी त्याच्याभोवतीची हिरडी व हाड यांना जंतुसंसर्ग होऊ शकतो. रोज स्वच्छता आणि नियमित तपासणी नसल्यास उत्तम बसलेले रोपणही सैल होते.

### रोपणाधारित कवळी

पूर्ण कवळी आणि पूर्ण रोपण यांच्या मधला हा पर्याय आहे. खालच्या जबड्याच्या पुढील भागात केवळ दोन रोपणे बसवून कवळी त्यांवर टिचबटणासारखी अडकवली जाते. कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात २००२ मध्ये जमलेल्या तज्ज्ञांनी सर्व दात गेलेल्या रुग्णाच्या खालच्या जबड्यासाठी हाच प्राथमिक उपचार असावा, असे मत नोंदवले. खर्चामुळे तो अद्याप सर्वत्र रुळलेला नाही. रोपणांऐवजी रुग्णाच्या स्वतःच्या दोन दातांची मुळे राखून त्यांवरही कवळी बसवता येते. त्यामुळे त्या जागचे हाड टिकते. म्हणूनच ‘हललेले सगळे दात काढून एकदाची कवळी बसवावी’ असा निर्णय घेण्यापूर्वी एखाद-दुसरे मूळ, विशेषतः सुळ्याचे, वाचवता येईल का, हे पाहिले जाते.

## तुलना

| निकष | कवळी | दंतसेतू | दंतरोपण |
|---|---|---|---|
| शस्त्रक्रिया | नाही | नाही | आवश्यक |
| शेजारच्या दातांवर परिणाम | अल्प. आकड्यांचा ताण | दात कोरावे लागतात | सहसा नाही |
| लागणारा कालावधी | काही आठवडे | दोन-तीन आठवडे | बहुधा काही महिने |
| सुरुवातीचा खर्च | सर्वांत कमी | मध्यम | सर्वांत जास्त |
| हाडाची झीज | चालू राहते | रिकाम्या जागी चालू राहते | बरीच कमी होते |
| माघार घेण्याची सोय | सहज | कोरलेला दात पूर्ववत होत नाही | काढण्यासाठी शस्त्रक्रिया लागते |

## निवडीचे निकष

उलटवता न येणारे टप्पे. दात काढणे आणि निरोगी दात कोरणे या दोन कृती कायमच्या असतात. त्यामुळे शंका असल्यास प्रथम तात्पुरती अर्धवट कवळी वापरून पाहणे आणि नंतर पक्का निर्णय घेणे ही सर्वसाधारण रीत आहे. रोपणाचा विचार असल्यास मात्र फार काळ थांबल्याने हाड कमी होते, हेही लक्षात घेतले जाते.

हिरड्या व उरलेले दात. कीड आणि हिरड्यांचा विकार यांवर आधी उपचार केले जातात. आजारी हिरड्यांवर उभारलेला कोणताही पर्याय टिकत नाही.

हात, लाळ आणि स्मरणशक्ती. संधिवात किंवा कंपवात असलेल्या व्यक्तीला घट्ट आकड्यांची कवळी काढणे-घालणे अवघड जाते. काही औषधांनी किंवा किरणोपचाराने तोंड कोरडे पडल्यास वरची कवळी नीट चिकटत नाही. स्मृतिभ्रंश असलेल्या रुग्णाला पूर्णपणे नव्या आकाराची कवळी अंगवळणी पाडणे बहुधा जमत नाही. अशा वेळी जुन्या कवळीची हुबेहूब प्रत काढून तिच्यात आवश्यक तेवढेच बदल करतात.

तोंड उघडण्याची मर्यादा. सुपारी व गुटखा खाल्ल्याने होणाऱ्या मुखाच्या तंतुमयतेत तोंड कमी उघडते. माप घेण्याची पाळी आत जात नाही आणि तयार कवळीही घालता येत नाही. अशा रुग्णांसाठी दोन भागांत जुळवता येणारी कवळी बनवावी लागते.

एकूण खर्च. कवळी साधारण ५ ते १० वर्षांनी बदलावी लागते व मध्ये अस्तर द्यावे लागते. सेतू आणि रोपणावरील टोपी यांनाही कालांतराने दुरुस्ती लागते. त्यामुळे केवळ पहिल्या दिवसाच्या किमतीवरून केलेली तुलना अपुरी ठरते.

## पूर्ण कवळीची घडण आणि सवय

पूर्ण कवळीसाठी सहसा पाच भेटी लागतात. पहिल्या दोन भेटींत जबड्यांची प्राथमिक व अंतिम मापे घेतात. तिसऱ्या भेटीत मेणाच्या कडांवर दोन्ही जबड्यांमधील अंतर व चावा ठरवतात. चौथ्या भेटीत मेणात रोवलेले दात रुग्णाच्या तोंडात घालून पाहतात आणि पाचव्या भेटीत तयार कवळी देतात. चौथी भेट निर्णायक असते, कारण दातांचा रंग, आकार आणि ठेवण यांत बदल करण्याची ती अखेरची सोपी संधी असते. रुग्णाचे जुने हसरे छायाचित्र या वेळी उपयोगी पडते.

याच टप्प्यावर उच्चारही तपासले जातात. ‘फ’ आणि ‘व’ यांच्या उच्चारात वरच्या पुढच्या दातांची कड खालच्या ओठाजवळ येते, तर ‘स’ म्हणताना वरच्या व खालच्या दातांत अगदी थोडे अंतर उरते. मराठीत त, थ, द, ध, न हे दंत्य वर्ण आहेत आणि ‘चमचा’, ‘जहाज’ या शब्दांतील च व ज दंततालव्य आहेत. त्यामुळे पुढच्या दातांची जागा थोडी चुकली तरी बोलण्यात फरक जाणवतो. मोठ्याने वाचन केल्यास काही आठवड्यांत उच्चार सहसा पूर्ववत होतात.

सुरुवातीला लाळ वाढणे, तोंड भरल्यासारखे वाटणे आणि हिरडी कोठे तरी टोचणे हे अपेक्षित असते. टोचणारी जागा दंतवैद्याकडून घासून घ्यावी लागते. घरी कानशीने किंवा ब्लेडने घासल्यास कवळीचा बसाव कायमचा बिघडतो. पहिले काही दिवस मऊ भात, खिचडी यांसारखे पदार्थ घेऊन, लहान घास दोन्ही बाजूंना ठेवून चावण्याची सवय केली जाते. पुढच्या दातांनी पेरू किंवा ऊस तोडल्यास कवळीची मागची बाजू उचलली जाते. मऊ केलेली भाकरी बहुतेकांना सवयीने खाता येते. शेंगदाणे व चिवडा यांचे कण कवळीखाली शिरून टोचतात.

## निगा

कवळी रोज मऊ ब्रशने व सौम्य साबणाने धुतली जाते. खरखरीत दंतमंजनाने तिच्यावर चरे पडतात आणि गरम पाण्याने तिचा आकार बिघडतो. रात्री ती काढून पाण्यात ठेवल्याने हिरडीला विश्रांती मिळते. सतत घातलेल्या कवळीखाली बुरशीचा संसर्ग होऊन टाळू लाल होतो. जपानमध्ये ८५ वर्षांवरील व्यक्तींच्या पाहणीत, कवळी घालून झोपणाऱ्यांमध्ये न्यूमोनियाचे प्रमाण अधिक आढळले. कवळी चिकटवण्याच्या पेस्टचे प्रमाण वाढवत न्यावे लागणे हे कवळी सैल झाल्याचे लक्षण आहे. जस्तयुक्त पेस्ट दीर्घकाळ व अतिप्रमाणात वापरल्यास शरीरातील तांब्याची कमतरता होऊन मज्जातंतूंना इजा होऊ शकते. सर्व दात गेले असले तरी तोंडातील जखमा व कर्करोगाची लक्षणे वेळीच दिसावीत म्हणून वर्षातून एकदा तपासणी आवश्यक मानली जाते.

## भारतातील स्थिती

भारतात दंतव्यवसाय १९४८ च्या दंतवैद्य अधिनियमाने नियंत्रित झाला असून राज्याच्या दंत परिषदेकडे नोंदणी असल्याविना कोणालाही कवळी बसवता येत नाही. तरीही अनेक शहरांत रस्त्याकडेला बसून दात बसवणारे आढळतात. ते शेजारच्या दातांना तारेने बांधून तोंडातच अॅक्रिलिक घट्ट करतात. असे ‘पक्के’ दात स्वच्छ करता येत नाहीत. त्यांच्याखाली हिरडी सडते आणि जे दात शाबूत होते तेही हलू लागतात. वरच्या कवळीला रबरी चकती लावून ती टाळूला चिकटवण्याच्या जुन्या पद्धतीमुळे टाळूला छिद्र पडल्याची उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदवलेली आहेत.

मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालये आणि मुंबई महानगरपालिकेचे नायर रुग्णालय दंत महाविद्यालय येथे कृत्रिम दंतशास्त्राचे विभाग असून तेथे खाजगी दवाखान्यांपेक्षा कमी दरात उपचार होतात. केंद्र शासनाच्या २०१७ मधील राष्ट्रीय वयोश्री योजनेत दारिद्र्यरेषेखालील ज्येष्ठ नागरिकांना दिल्या जाणाऱ्या साधनांमध्ये काठी, चष्मा आणि श्रवणयंत्राबरोबर कवळीचाही समावेश आहे. कर्नाटक शासनाची ‘दंतभाग्य’ योजनाही गरीब ज्येष्ठांना मोफत कवळी पुरवते.

## हे सुद्धा पहा

- दात
- हिरडी
- दंतवैद्यक
- मुखाचा कर्करोग